माझ्या डोळ्यावरचं कुंकू

मी ऐंशी टनी पॉवर प्रेस बोलतोय. हसणार नसाल तर एक सांगतो, मी भित्रा आहे.

ऐंशी टन हा माझा दाब. जाड पत्रा माझ्या तोंडात ठेवायचा, पायाखालचं पेडल दाबायचं, की माझा वरचा जबडा धाडकन खाली येतो आणि पत्र्याचं वाकलेलं ब्रॅकेट तयार होतं. बघणारे म्हणतात, काय ताकद आहे हो! अहो, त्या ताकदीचंच तर मला भय वाटतं. खाली येताना तोंडात पत्रा आहे की आणखी काही, हे मला दिसत नाही. पेडल दाबलं गेलं की मला यावंच लागतं. काय सापडलं ते आदळल्यावर कळतं.

जन्म माझा पंजाबातला. तिथल्या ओतशाळेत मला ओतलं, घासलं, हिरवा रंग दिला आणि ट्रकवर बांधून नाशिकला धाडलं. नेमकं सिंहस्थाचं साल होतं. आडगाव नाक्यावर गाड्यांची ही रांग! साधू, भाविक, पोलीस, भोंगे. मी ताडपत्रीखाली अंग चोरून बसलो होतो. कसाबसा सातपूरच्या कारखान्यात पोचलो, क्रेननं मला उतरवलं आणि कुणीतरी माझ्या पायाशी नारळ फोडला. त्या आवाजानंही मी दचकलो होतो.

नारळ फोडणारे शामसुंदर आमच्या लाईनचे सुपरवायझर. घर त्र्यंबकेश्वरचं, कुशावर्ताजवळ. थोरले भाऊ यात्रेकरूंची पूजा सांगायचे आणि हे धाकटे डिप्लोमा करून कारखान्यात लागलेले. पण रक्तातली भिक्षुकी काही सुटली नव्हती. कुठलंही नवं यंत्र आलं की हे सोवळं नेसल्यासारखे गंभीर व्हायचे. म्हणून सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. साहेबसुद्धा म्हणायचे. माणूस मात्र लाख मोलाचा. माझ्या अंगावरून हात फिरवून म्हणाले, "सांभाळ रे बाबा माझ्या पोरांना." मी काय सांभाळणार? मला माझाच जबडा सांभाळता येत नव्हता.

माझ्यावर पहिला माणूस आला तो फकिरा. गाणी गुणगुणत काम करायचा, जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलावर भाकरी सोडायचा. त्या दिवसाबद्दल मी फार बोलणार नाही. पत्रा तिरका बसला म्हणून त्यानं तो सरळ करायला हात घातला आणि सवयीनं पाय पेडलवर पडला. मी खाली आलो. आदळल्यावर कळलं. फकिराची दोन बोटं गेली.

त्यानंतर काय झालं ते ऐका. ऑफिसातून निष्कर्ष आला, "फकिराचं लक्ष नव्हतं." भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'सुरक्षा प्रथम' रंगवलं. माझी शांती केली, पुन्हा नारळ. फकिराला गेटवर बसवलं, दुसरा माणूस आणला आणि त्याच पत्र्यात, त्याच पेडलवर काम सुरू झालं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय! भिंत रंगवून माझा जबडा थोडाच थांबणार होता? अशी कित्येक वर्षं गेली.

मग कारखान्यात एक नवा शब्द आला, कायझेन. आमचा माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीनं आणला. म्हणजे म्हणे रोज थोडं थोडं सुधारायचं, थांबायचं नाही. त्यासाठी संपदा मॅडम नावाच्या एक तरुण इंजिनियर आल्या. मला वाटलं, आणखी एक रंगाचा डबा आला. पण ही बाई वेगळी निघाली. ती आधी गेटवर गेली आणि फकिराला हाताला धरून माझ्यासमोर घेऊन आली.

"फकिराभाऊ, त्या दिवशी हात का घालावा लागला?" तिनं विचारलं.

फकिरा माझ्याकडे बघायलाच तयार नव्हता. मान खाली घालूनच म्हणाला, "पत्रा तिरका बसायचा ताई. रोजच बसायचा. इतकी वर्षं झाली, हे मला कुणी विचारलंच नाही."

दोनच महिन्यांत माझं रूप पालटलं. पत्रा सरळ बसावा म्हणून खालच्या डायला, म्हणजे साच्याला, खुंट्या लावल्या. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, मला डोळा मिळाला. माझ्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना काचेच्या उभ्या पट्ट्या बसवल्या. एकीतून न दिसणारे किरण निघतात, दुसरी ते झेलते. मधे हात आला की किरण तुटतात आणि मी असेन तिथे थांबतो. थांबतो! मला थांबता येतं! काय सांगू तुम्हाला, त्या दिवशी मी पहिल्यांदा न घाबरता खाली आलो.

गुरुजींना तर इतका आनंद झाला की ते येईल त्याला माझी करामत दाखवू लागले. पाहुणे आले की शर्टाची बाही वर करायची, चांदीची अंगठी घातलेला उजवा हात सरळ माझ्या तोंडात घालायचा आणि ऑपरेटरला म्हणायचं, "दाब रे." पेडल दाबलं जायचं, मी जागचा हलायचो नाही. पाहुण्यांच्या तोंडातून "बाप रे!" निघायचं आणि गुरुजी मिशीत हसायचे. मला हा खेळ काही आवडायचा नाही. पण डोळा होता, म्हणून निभायचं.

तेव्हा माझ्यावर पुंजा काम करायचा. पेठकडच्या डोंगरातला. पावसाळ्यात गावी भात-नागली, एरवी शहरात मिळेल ते काम, असं करत करत तो आमच्याकडे टिकला होता. पण ठेकेदाराचा माणूस. कायम व्हायची आस लावून बसलेला. बायको वत्सलाबाई आणि लेकरं गावाला. मोजकं बोलायचा. सकाळी आला की आधी डोळ्याची काच स्वच्छ फडक्यानं पुसायचा, मग पत्र्याला हात लावायचा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

इथवर सगळं छान होतं. माझ्या डोळ्याचा फोटो निघाला, आधी आणि नंतर असे दोन. फळ्यावर लागला. मुख्य साहेब, देवव्रत साहेब, स्वतः टाळ्या वाजवत आले. मोठे शिकलेले, बोलणं मधासारखं. आणि त्याच मधाळ बोलण्यात त्यांनी संपदा मॅडमना दुसऱ्या कारखान्यात पाठवून दिलं. म्हणाले, "इथलं काम झालं. आता तिकडे हीच जादू करा." मॅडम म्हणाल्या, "सर, झालं कुठे, आत्ता तर सुरू झालंय." पण साहेबांनी तोवर पुष्पगुच्छ हातात दिला होता.

मॅडम गेल्या आणि कायझेनचं लग्नाच्या आहेरासारखं झालं, किती आले ते मोजायचं, काय आलं ते कुणी बघायचं नाही. प्रत्येक लाईननं दर महिन्याला ठरलेल्या सुधारणा द्यायच्याच. मग काय, माणसं हुशार! झाडू टांगायच्या जागी झाडूचं पिवळं चित्र काढलं, झाली एक सुधारणा. पाण्याच्या माठाखाली पट्टा मारला, झाली दुसरी. माझ्या हिरव्या अंगावर पुन्हा हिरवा रंग फासला, तीही धरली. माझ्या एअर पाइपातून हवा गळत होती, ती मात्र तशीच गळत राहिली, कारण तिचा फोटो निघत नाही.

आणि मग खंडेनवमी आली.

कारखान्यात खंडेनवमी म्हणजे यंत्रांचा सण. आदल्या दिवशी आम्हाला धुऊन पुसून लख्ख करतात. झेंडूच्या माळा, आंब्याचे टहाळे, समोर रांगोळी. त्या वर्षी गुरुजी भल्या सकाळी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून आले. एकेका यंत्राची पूजा करत माझ्यापाशी पोचले आणि थबकले. डोळे भरून आले होते त्यांचे.

"याच डोळ्यानं आपल्या माणसांचे हात राखले," ते सगळ्यांना म्हणाले. "आज पहिला मान याचा."

असं म्हणून त्यांनी ओल्या कुंकवात बोट बुडवलं आणि माझ्या डोळ्याच्या काचेवर, वरपासून खालपर्यंत, ठसठशीत कुंकू ओढलं. दुसऱ्या पट्टीवर हळद. वर अक्षता चिकटवल्या. सगळ्यांनी हात जोडले. मला अंधारून आलं. मला ओरडावंसं वाटत होतं, गुरुजी, अहो गुरुजी, डोळ्यात कुंकू घालतं का कुणी? पण ते इतक्या मायेनं करत होते, आणि मला वाचा कुठली.

दसऱ्याची सुट्टी झाली. नंतर पुंजा आला, त्यानं मोटर चालू केली, पेडल दाबलं. मी हलेना. किरणच जात नव्हते, मी कसा हलणार? पुंजानं कमरेचं फडकं काढलं आणि काचेकडे हात नेला.

"अरे अरे, काय करतोस?" गुरुजी धावत आले. "पूजेचं कुंकू असं लगेच पुसू नये. आजचा दिवस राहू दे. संध्याकाळी पूस."

"पन गुरुजी, मशीन चालंना."

बाहेर मालाचा ट्रक उभा. ड्रायव्हर हॉर्न देतोय. वरून साहेबांचा फोन. गुरुजींची धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत झाली. त्यांनी लखनला हाक मारली. लखन आमचा इलेक्ट्रिशियन, सातपूर गावातलाच, तोंडात सदा गुटखा.

"लखन, आजच्या दिवस डोळा बाजूला ठेवता येईल का? फक्त संध्याकाळपर्यंत. मग कुंकू पुसून चालू कर."

"टेन्शन नको गुरुजी, बायपास मारतो." लखननं माझ्या पॅनेलमधली चावी फिरवली. "संध्याकाळी करून टाकतो परत."

मी चालू झालो. आंधळा.

संध्याकाळी लखन कंप्रेसरवर अडकला. दुसऱ्या दिवशी विसरला. मग दिवाळी आली आणि तो सुट्टीवर गेला. डोळा बंद असला की पॅनेलवर एक पिवळा दिवा लागायचा, पण त्या दिव्याचा बल्ब उडाला होता आणि स्टोअरमध्ये तसला बल्ब नव्हता. कुंकू काचेवर वाळून बसलं आणि रोज दिसून दिसून कुणाच्या नजरेत भरेनासं झालं. गुरुजींना वाटलं लखननं चालू केलं असेल, हो म्हणाला होता ना! लखनला वाटलं, महत्त्वाचं असतं तर गुरुजींनी पुन्हा विचारलं असतं. पुंजाला वाटलं, गुरुजींनीच सांगून बंद केलंय, म्हणजे त्यांना ठाऊक आहेच, म्हणून त्यानं काचेला पुन्हा फडकं लावलं नाही. तिघं भले, तिघं एका छपराखाली, आणि माझं घोंगडं असं भिजत पडलं.

पण खरा घात पुढेच झाला. डोळा होता तेव्हा कधी पत्र्याची झळाळी, कधी फडक्याचं टोक, असं काही मधे आलं की मी थांबायचो. आता थांबेनासा झालो. महिन्याअखेर आमच्या लाईनचा माल कधी नव्हे इतका निघाला. देवव्रत साहेब हरखले. "अनावश्यक थांबे शून्यावर! याला म्हणतात सुधारणा!" असं म्हणून त्यांनी आमच्या लाईनला त्या महिन्याची ढाल दिली आणि पुंजाला सगळ्यांसमोर प्रेशर कुकर. थांबे शून्यावर का आले, हे एकानंही विचारलं नाही. वाईट बातमीची सगळे उलटतपासणी घेतात, चांगल्या बातमीला पेढा भरवतात. गुरुजींनाही वाटलं, डोळा आता चांगला रुळला.

पुढच्या महिन्यात टार्गेट वाढलं. वाढणारच, कुकर काय फुकट मिळतो?

पुंजाचे हात आता घाईनं यायचे, घाईनं जायचे. पूर्वी तो चिमट्यानं पत्रा ठेवायचा, आता चिमटा खुंटीला लटकत राहिला. मी दर वेळी खाली येताना मनात म्हणायचो, निघाला का हात? निघाला का? एकदा त्याच्या बाहीचं टोक माझ्या तोंडात राहिलं. मी आदळलो. कापड टरकन कापलं गेलं. पुंजा मागे सरकला, तुटक्या बाहीकडे बघत राहिला, त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या सभेत पुंजानं हात वर केला. गुरुजी त्या दिवशी त्र्यंबकला होते, भावाकडे श्राद्ध होतं. सभा देवव्रत साहेबच घेत होते.

"साहेब, त्या प्रेसचा डोळा..." पुंजा म्हणाला.

"पुंजा," साहेबांनी हसून त्याला थांबवलं, "आपला नियम काय आहे? प्रॉब्लेम आणायचा नाही, सोल्यूशन आणायचं. सोल्यूशन आहे?"

पुंजाला सोल्यूशन या शब्दाचा धाक वाटला असावा. फडकं घेऊन काच पुसायची आणि चावी फिरवायची, एवढं साधं सोल्यूशन असतं असं त्याला वाटलं नाही. आणि डोळा चालू झाला की माल कमी निघणार, मग जाब कुणाला विचारणार? त्यालाच. तो खाली बसला. जेवणाच्या सुट्टीत लखननं त्याला समजावलं, "कशाला बोलतो रे? पाहुणे यायचेत. त्यांची व्हिजिट नीट झाली की तुझं पर्मनंटचं पक्कं, असं ठेकेदार म्हणत होता. तोंडावर बोट ठेव. पाहुणे गेले की मी चालू करतो ना!"

पुंजानं डबा बंद केला आणि उठला. मी काय बोलणार! पण लखन, पाहुण्यांसमोर गुरुजी काय करतात ते तू कसं रे विसरलास?

पाहुण्यांचा दिवस उजाडला. रांगोळ्या, चकचकीत फरशी, सगळ्यांना नवे शर्ट. माल घेणाऱ्या कंपनीची माणसं आली होती, त्यांतले मुख्य एक चष्मेवाले वयस्कर गृहस्थ, कमी बोलणारे. देवव्रत साहेब त्यांना फळे दाखवत, झाडूचं चित्र दाखवत माझ्यापर्यंत आले. "आणि ही आमची शान," ते म्हणाले. "गुरुजी, दाखवा."

गुरुजी पुढे झाले. बाही वर केली. नको, गुरुजी, नको. आज नको.

"हा डोळा," गुरुजी सांगू लागले, "माणसाचा हात ओळखतो. आम्ही याची पूजा करतो. बघा." आणि अंगठी घातलेला हात त्यांनी माझ्या तोंडात, अगदी डायवर पालथा ठेवला. "दाब रे पुंजा."

पुंजा जागच्या जागी खिळला. त्याच्या तोंडावर मला दिसलं, त्याला त्या क्षणी उमगलं की गुरुजींना ठाऊकच नाही. त्याचा पाय पेडलवर होता. तो पाय थरथरत होता आणि त्या थरथरीनं पेडल जरा जरा हलत होतं. आणखी एवढासा भार पडला असता तर मी आलो असतो. मला थांबता येत नव्हतं. मला थांबता येत नव्हतं हो! गुरुजींच्या हाताची ऊब खालच्या डायला लागत होती आणि माझा जबडा वर लोंबत होता.

"दाब ना," गुरुजी हसत म्हणाले.

पुंजानं हळूच पाय उचलला आणि मागे घेतला. "नाय दाबत, गुरुजी."

"अरे, पाहुण्यांना बघून घाबरला," गुरुजी पाहुण्यांकडे वळून म्हणाले. हात तिथेच. "रोज करतो. दाब, काही होत नाही."

"हात काढा आधी. गुरुजी, हात काढा."

देवव्रत साहेबांचा चेहरा लाल झाला होता, ओठ मात्र हसत होते. "पुंजा, वेळ जातोय. सरक, मी दाबतो." आणि त्यांनी बूट पुढे केला.

तुम्हाला सांगतो, मी आयुष्यात फार भ्यालो आहे, पण तो बूट पेडलकडे येताना जितका भ्यालो तितका कधीच नाही. मला फकिराचं ओरडणं आठवलं. गुरुजी, तुम्ही मला म्हणाला होतात, सांभाळ माझ्या पोरांना. आता तुम्हाला कोण सांभाळणार?

पुंजानं लाल बटणावर थाप मारली.

माझी मोटर विझली. आमच्याकडे पाहुणे असताना लाईन थांबवणं म्हणजे भर मांडवात नवरदेवाच्या तोंडात मारण्यासारखं. साहेबांचा बूट पेडलवर टेकलेला होता आणि मी निपचित होतो.

"डोळा बंद हाय," पुंजा म्हणाला. "दसऱ्यापासनं बंद हाय साहेब. गुरुजींनी कुकू लावलं व्हतं ना, तवापासनं."

गुरुजी हसायचे थांबले. त्यांनी मान वळवून काचेकडे बघितलं. काळपट, वाळलेलं, वरून खालपर्यंत ओढलेलं स्वतःच्या बोटाचं कुंकू त्यांना दिसलं. मग त्यांनी लखनकडे बघितलं. लखननं मान खाली घातली. गुरुजींनी हात बाहेर काढला, इतका सावकाश की जणू मी झोपलोय आणि जागा होईन.

चष्मेवाले पाहुणे शांतपणे म्हणाले, "चालू करून बघू या." पुठ्ठ्याचं एक खोकं आणलं. ते गुरुजींनीच माझ्या तोंडात ठेवलं आणि चार पावलं मागे सरले. लखननं पेडल दाबलं. मी आलो. किरण तुटोत, डोळा असो नसो, मी आलो आणि आदळलो. खोक्याचा कागदासारखा चपटा तुकडा झाला. गुरुजी तिथेच फरशीवर मटकन बसले आणि आपला उजवा हात डाव्या हातानं घट्ट धरून ठेवला.

लगेच धावपळ झाली. पाहुण्यांदेखत लखननं थिनरचा बोळा घेतला आणि काच पुसली. चावी फिरवली. कुणीतरी पिवळ्या दिव्याचा बल्बही कुठूनसा पैदा केला. चहा निवायच्या आत सगळं झालं! दुसऱ्या दिवशी माझ्या डोळ्याचा पुन्हा फोटो निघाला, आधी आणि नंतर. फळ्यावर लागला, त्या महिन्याच्या सुधारणांत धरला गेला. चष्मेवाले पाहुणे जाताना पुंजाचा खांदा थोपटून गेले होते, ते मी पाहिलं.

आणि पुंजा त्या आठवड्यातच कामावरून बंद झाला. ठेकेदारानं सांगितलं, तुला ब्रेक. आमच्याकडे हंगामी माणसाला नको म्हणायची हीच रीत आहे.

गुरुजी ऑफिसात गेले. आधी कधी कुणी त्यांचा चढा आवाज ऐकला नव्हता, त्या दिवशी शेडपर्यंत ऐकू आला. परत आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. लखनला म्हणाले, "साहेब म्हणतात, चांगलंच केलं त्यानं, पण पाहुण्यांसमोर लाईन थांबवली. बाजूला घेऊन सांगता आलं असतं." मग उजवा हात उघडून त्याच्यापुढे धरला. "लखन, माझा हात आत होता रे. तो मला बाजूला कसा घेणार होता?"

रविवारी ते एसटीनं पेठला गेले आणि तिथून चालत पुंजाच्या पाड्यावर. सोमवारी माझ्याजवळ उभं राहून लखनला सांगत होते. पुंजा भेटला नाही. तो पिंपळगावकडे द्राक्षाच्या बागेत कामाला गेला होता. वत्सलाबाईनं चहा दिला. म्हणाली, "मी तेला म्हनलं, गप ऱ्हायचं व्हतंस, पर्मनंट झाला असतास. तर तो म्हनला, गुरुजींचा हात व्हता."

आता माझ्यावर दत्तू असतो. सिन्नरकडचा, आयटीआय केलेला, कामाला वाघ, स्वभावानं गोड. सांगितलेलं ऐकतो, उलट बोलत नाही. साहेबांचा फार लाडका. माझा डोळा सध्या चालू आहे. गुरुजी आता पाहुण्यांना करामत दाखवत नाहीत आणि खंडेनवमीला काचेला हळदकुंकू लावत नाहीत, स्वतः फडक्यानं पुसतात. मी निर्धास्त असायला हवा, नाही का?

पण परवा काय झालं ते सांगतो. शिफ्ट संपत आली होती. गुरुजी माझ्यासमोर आले. अंगठीवाला हात माझ्या टेबलाच्या कडेवर ठेवला, तोंडात नाही, नुसता कडेवर. आणि दत्तूला म्हणाले, "दत्तू, समज या डोळ्याचा काही भरवसा नाही, हे तुला ठाऊक आहे. माझा हात आत आहे, समोर पाहुणे आहेत आणि साहेब म्हणाले, दाब. तर काय करशील?"

दत्तूनं गोंधळून गुरुजींकडे पाहिलं. त्याला वाटलं असावं, परीक्षा घेतायत. तो अदबीनं सरळ उभा राहिला.

"साहेब म्हणाले तर दाबीन ना, गुरुजी. साहेबांनी काहीतरी विचार करूनच सांगितलं असेल."

गुरुजींनी कडेवरचा हात उचलला आणि खिशात घातला.

तेव्हापासून मी पुन्हा घाबरत खाली येतो. अहो, तुमच्यापैकी कुणी एखाद्या कारखान्याचे साहेब असाल, ठेकेदार असाल, तर या भित्र्याचं एवढं ऐका. डोळे नवे मिळतात, बाजारात मिळतात. त्या दिवशी मला डोळ्यानं थांबवलं नव्हतं. ज्यानं थांबवलं तो माणूस पिंपळगावला द्राक्षं खुडतोय. पेठच्या एसटीत कुणीही सांगेल त्याचं घर. त्याला तेवढं परत आणा हो, मला फार भीती वाटते.